खर्जातला गंधार

सरेमध्ये तबला किंवा पेटी हवी असेल तर फार शोधावं लागत नाही. पंजाबी वस्ती मोठी आहे, गुरुद्वारे आहेत, तिथं रोज कीर्तन असतं. त्यामुळे वाद्यं विकणारे आहेत आणि पेटीचा भाता फाटला तर तो नीट करून देणारेही भेटतात. तंबोऱ्याचं तसं नाही. चार-साडेचार फुटांचं नाजूक वाद्य, खाली भोपळा, त्यावर पातळ लाकडी तबली. विमानातून आणायचं म्हणजे जीव मुठीत धरून. आणलंच, तर इथल्या घरात हिवाळाभर हीटर चालू, हवा कोरडी. आणि दाराबाहेर महिनोन् महिने पाऊस. लाकूड कधी आकसतं, कधी फुगतं. खुंट्या कधी सुटतात, कधी हलतच नाहीत. आणि जवारी बिघडली तर ती लावून देणारा माणूस मिरजेत.

म्हणून इथं गाणं शिकणारी बहुतेक मुलं मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर गातात. त्याला नाक मुरडायचं काही कारण नाही. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, तेव्हापासून कितीतरी गायकांची सोय झाली. आता चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंगच असतं. त्याला सॅम्पल म्हणतात. आमच्या घरीही ते ॲप आहे.

पण गेल्या हिवाळ्यात मी एका ठरावीक तंबोऱ्याचा आवाज कॉम्प्युटरवर पुन्हा उभा केला, आणि तोही सॅम्पल न वाजवता, एकेक शुद्ध स्वर मिळवून. या पद्धतीला ॲडिटिव्ह सिंथेसिस म्हणतात. आपण मराठीत बेरजेचा आवाज म्हणू. हा खटाटोप कशासाठी केला आणि त्यातून काय हाती लागलं, ते आज सांगते.

तो तंबोरा माझ्या आईचा. मिरजेत बनलेला, तिच्या लग्नाआधीचा. लग्नानंतर तो तिच्यासोबत सांगलीला गावभागातल्या घरी आला आणि पन्नासहून जास्त वर्षं तिथंच राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. मामानं आईला वेळेवर मिरजेला नेलं. जाताना भांडी, कागदपत्रं, गाद्या माळ्यावर चढवल्या. तंबोरा माळ्यावर मावत नव्हता, म्हणून तो गवसणी घालून पलंगावर आडवा ठेवला. पाणी पलंगाच्या वर चढलं आणि उतरायला बरेच दिवस लागले. भोपळा मऊ पडला, सांधे सुटले, तबली उचकटली. मिरजेच्या कारागिरांनी बघून सरळ सांगितलं, की दांडी वापरता येईल, पण भोपळा आणि तबली नवी घालावी लागेल. मग तो हा तंबोरा राहणार नाही. आईनं दोन दिवस विचार केला आणि नवाच करायला सांगितला. नवा चांगला आहे. "अजून लहान आहे तो, बोलायला शिकतोय," असं ती म्हणते.

मिरजेत हे काम काही नवीन नाही. शस्त्रांची कामं करणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारमेकर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढं ती विद्या गावात पसरली. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूनं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा नवा तंबोरा मिळण्याची अडचण नव्हती. अडचण जुन्याची होती. त्याचं मागं उरलं होतं ते २०१८ च्या दिवाळीत मी फोनवर घेतलेलं ५२ सेकंदांचं रेकॉर्डिंग. आई तंबोरा जुळवत होती. एक तार छेडायची, थांबायची, मणी जरासा सरकवायचा, पुन्हा छेडायची. वर पंखा फिरतोय, आणि मध्येच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी.

दरम्यान माझी मुलगी बारा वर्षांची झाली आणि आजीकडं गाणं शिकायला लागली. शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता इथून कॉल लावायचा. उन्हाळ्यात तेव्हा सांगलीत रविवारचे सकाळचे आठ वाजलेले असतात. पहिला प्रश्न हाच आला, की राग सकाळचा घ्यायचा का संध्याकाळचा? आईनं निकाल दिला, "शिकणाऱ्याची वेळ धरायची." म्हणून भूप सुरू झाला.

दुसरा प्रश्न तांत्रिक होता. आई सांगलीत तंबोरा छेडायची आणि इथं आम्हाला तिचा गळा ऐकू यायचा, तंबोरा नाहीच! कारण साधं आहे. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं मागचा गोंगाट गाळतात. जो आवाज सतत एकसारखा येतो, तो पंखा किंवा एसी असणार असं धरून पुसून टाकतात. तंबोऱ्याचा तर स्वभावच अखंड वाजत राहण्याचा. काही सॉफ्टवेअरमध्ये ही गाळणी बंद करता येते, ती जरूर बंद करावी. पण आवाज पोचायला लागणारा वेळ तरी उरतोच. म्हणून दोन्हीकडं आपापला तंबोरा हवा. मुलीनं विचारलं, "आजीचा जुना तंबोरा माझ्या लॅपटॉपवर नाही का वाजणार?"

मला गळा नाही. घरात गाणं असून मी गणिताकडं गेले, इंजिनीअर झाले. पण हा प्रश्न गळ्याचा नव्हता, गणिताचाच होता.

रेकॉर्डिंगचाच तुकडा काढून पुन्हा पुन्हा वाजवावा, तर तीन गोष्टी आड येत होत्या. एक म्हणजे पंखा आणि कुकर. तो गोंगाट सॉफ्टवेअरनं काढायला गेलं की तंबोऱ्याचे वरचे बारीक स्वरही सोबत जातात आणि आवाज फडक्यात गुंडाळल्यासारखा होतो. दुसरी गोष्ट पट्टीची. आई काळी तीनमध्ये गाते, मुलगी काळी पाचमध्ये. म्हणजे षड्ज १८५ हर्ट्झवरून २३३ हर्ट्झवर न्यायचा. रेकॉर्डिंग नुसतं वेगानं वाजवलं तर स्वर चढतो, पण त्याबरोबर सगळंच चढतं. भोपळ्याचा स्वतःचा घुमारही वर सरकतो आणि मोठ्या भोपळ्याचा तंबोरा अचानक खेळण्यातला वाटायला लागतो. शिवाय झंकार लवकर विझतो. तिसरी गोष्ट, सॅम्पलमध्ये जे आहे ते एकजीव असतं. तयार गोड्या मसाल्यातून लवंग वेगळी काढता येत नाही, तसं. स्वतः धणे, खोबरं, दगडफूल मोजून घातलं असेल तर पुढच्या वेळी लवंग कमी करता येते. बेरजेच्या पद्धतीत ही सोय आहे.

या पद्धतीच्या मुळाशी असलेली कल्पना दोनशे वर्षांची आहे. फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलं, की कुठलीही पुन्हा पुन्हा येणारी लहर साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात तीच गोष्ट वाद्यांच्या आणि गळ्याच्या आवाजाला लावली. मूळ स्वर एक, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर त्याच्या डोक्यावर. यांना हार्मोनिक्स म्हणतात. कुठला हार्मोनिक किती जोरात, यावर सतार सतारीसारखी वाजते आणि बासरी बासरीसारखी. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये हेच होतं. दांड्या ओढून हार्मोनिक्स कमी-जास्त करायचे, की आवाजाचा रंग बदलतो.

पण नुसतं प्रमाण पुरत नाही. १९६० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ज्याँ-क्लोद रिसे यांनी कॉम्प्युटरवर ट्रंपेटचा आवाज बांधायला घेतला, तेव्हा लक्षात आलं, की स्वर सुरू होताना प्रत्येक हार्मोनिक आपापल्या वेळी येतो आणि आपापल्या वेळी जातो. ट्रंपेटची ओळख या ये-जा करण्यात आहे. तंबोऱ्याच्या बाबतीत तर ही गोष्ट दसपट खरी आहे, आणि ती पहिल्यांदा नीट मांडली आपल्याच सी. व्ही. रामन यांनी.

रामन म्हटलं की आपल्याला प्रकाश आणि नोबेल आठवतं. पण त्याआधी ते वाद्यांच्या मागं लागले होते. १९२१ मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक छोटा निबंध लिहिला. मुद्दा असा. साधी तार बरोबर मध्यावर छेडली तर ज्या हार्मोनिक्सचा स्थिर बिंदू मध्यावर असतो, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, ते ऐकू येता कामा नयेत. हा यंग यांचा जुना नियम. तंबोरा तर आपण साधारण मध्याजवळच छेडतो. तरी त्यात हे 'न येणारे' स्वर ठणठणीत ऐकू येतात! रामन यांनी त्याचं श्रेय घोडीला दिलं. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. ती रुंद आणि हलकी बाकदार असते. तार कंप पावताना त्या पृष्ठभागाला हलकी घासून जाते, टेकते, सुटते. आपण तारेखाली जो सुताचा दोरा सरकवतो, तो हे टेकणं-सुटणं नेमकं करतो. त्यातून खालच्या स्वरांची शक्ती वरच्या स्वरांकडं वाहत राहते. म्हणजे जवारी.

हे वाचून मी आईचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला. आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, आणि जिथं आवाज जोरात तिथं रंग गडद. खर्जाची तार ९२.५ हर्ट्झला. तिच्यावर १८५, २७७.५, ३७० अशा सरळ रेघा, वहीत आखल्यासारख्या. पण सगळ्या रेघा एकदम गडद होत नाहीत. छेडल्यावर खालच्या लगेच दिसतात, वरच्या मागून फुलतात. आणि एक गडद पट्टा वरच्या रेघांवरून हळूहळू खाली उतरत येतो. तंबोरा ऐकताना आतून कुणीतरी सप्तकातून खाली येतंय असं जे वाटतं, ते डोळ्यांना दिसत होतं. पंख्याची घरघर मात्र धुरकट ढगासारखी पसरलेली. मला ढग नकोच होता. मी फक्त रेघा उचलल्या. प्रत्येक रेघ केव्हा सुरू होते, किती चढते, किती वेळात विझते, याचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले. कुकरच्या शिट्टीचा प्रश्नही तिथंच मिटला. ती या रेघांत बसतच नव्हती.

बांधायला घेतलं झिन-ॲड-सब-एफएक्स या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये. रुमानियाच्या नास्का ऑक्टाव्हियन पॉल यांनी २००२ मध्ये तयार केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे पडत नाहीत. त्यात एका आवाजासाठी १२८ हार्मोनिक्सच्या पट्ट्या असतात. प्रत्येक वर-खाली करता येते. पण मेख अशी, की एका आवाजातले सगळे हार्मोनिक्स एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात. आपल्याला तर प्रत्येकाची वेळ वेगळी हवी. सुदैवानं त्यात असे आठ आवाज एकावर एक ठेवता येतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा चढ-उतार, म्हणजे एन्व्हलप, देता येतो. म्हणून मी वाटणी केली. पहिल्या आवाजात फक्त मूळ स्वर. दुसऱ्यात दुसरा हार्मोनिक. तिसऱ्यात तिसरा आणि चौथा. चौथ्यात एकटा पाचवा. पाचव्यात सहा ते नऊ, सहाव्यात दहा ते सोळा, सातव्यात सतरा ते बत्तीस. वरच्या गटांना उशिरा फुलायला लावलं. आठव्या आवाजात हार्मोनिक नाही, नुसता खरखराट, क्षणभरच. बोट तारेवरून सुटतं तेव्हा जो होतो तो. झेव्हियर सेरा आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९० मध्ये हीच युक्ती शास्त्रशुद्ध मांडली होती, की आवाजातले नीट स्वर वेगळे बांधायचे आणि उरलेला खरखराट वेगळा.

पट्टी बदलताना आणखी एक काळजी घेतली. हार्मोनिक्सच्या जागा नव्या षड्जाप्रमाणे सरकवल्या, पण कुठल्या कंपनसंख्येला भोपळा किती घुमतो हा आलेख होता तिथंच ठेवला. तार आखडली, भोपळा तोच राहिला. खऱ्या तंबोऱ्यातही पट्टी चढवताना असंच होतं.

चार तारा झाल्या: पंचम, दोन जोडीच्या, खर्ज. मी फाइल आईला पाठवली. कॉलवरून ऐकवली नाही, कारण कॉलनं ती गिळलीच असती. हेडफोन लावून ऐकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "खर्ज ओळखीचा आहे. जोड मेलेली आहे."

मला कळेना. जोडीच्या दोन्ही तारा दशांशापर्यंत बरोबर होत्या. आई म्हणाली, "तेच तर. दोघी एकच झाल्या, मग दोन कशाला?" खऱ्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा कितीही जुळवल्या तरी केसभर अंतर राहतं. एका तारेला ०.३ हर्ट्झनं सरकवलं तर साधारण तीन सेकंदांत एकदा दोन्ही आवाज हलके जवळ येतात आणि लांब जातात. आवाजाला श्वास येतो. रेकॉर्डिंगमध्ये शोधलं, तर होतंच ते. पुन्हा फाइल पाठवली.

"आता जोड बरी आहे. पण हा कोण वाजवतोय? मास्तर आहे का?"

म्हणजे लय फार काटेकोर. आई मधल्या बोटानं पंचम छेडते, तर्जनीनं उरलेल्या तीन. रेकॉर्डिंगच्या शेवटी तिनं चारही तारा सलग छेडल्यात, तिथं अंतरं मोजली. खर्जानंतर ती जरा जास्त थांबते. तो झंकार उतरू देते, मग पुन्हा पंचम. चारही छेडण्यांचा जोरही सारखा नाही. ते सगळं घातलं. प्रत्येक फेरीत थोडा फरक पडेल अशी सोय केली. तिसऱ्या फाइलवर आईचं उत्तर इतकंच, "हं. गवसणी काढा आता."

पण या सगळ्या उद्योगाचा खरा उपयोग नंतर झाला. भूप शिकताना मुलीचा गंधार चढा लागत होता. आई दर आठवड्याला तेच सांगायची, मुलगी म्हणायची, "आजी, मी की-बोर्डवर तपासला, बरोबर आहे." आणि दोघीही खोटं बोलत नव्हत्या. की-बोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. काळी पाचच्या पट्टीत तिथला गंधार २९३.७ हर्ट्झला येतो. तंबोऱ्याचा गंधार येतो २९१.४ च्या जवळ. फरक सव्वादोन हर्ट्झचा, पण भूपमध्ये गंधार वादी आहे. सगळा राग त्यावर टेकून उभा असतो. तिथं एवढा फरक कानाला खुपतो.

तंबोऱ्यात तर गंधाराची तारच नसते. मग तो येतो कुठून? खर्जाच्या पाचव्या हार्मोनिकमधून. खर्ज ११६.५ हर्ट्झला असेल तर त्याची पाचपट ५८२.७, त्याच्या निम्मा म्हणजे मधल्या सप्तकातला आपला गंधार. याला आपल्याकडं स्वयंभू गंधार म्हणतात. लहानपणी आई म्हणायची, "ऐक, गंधार बोलतोय." मला कधीच वेगळा ऐकू आला नाही. मान डोलावून मोकळी व्हायचे.

आता तो माझ्याकडं चौथ्या आवाजात एकटा बसला होता. मी मुलीला जवळ बसवलं आणि तंबोरा चालू ठेवून तो आवाज बंद केला. पाच-सहा फेऱ्यांनंतर हळूच चालू केला. ती दचकली. "आई, हे कोण गायलं?" पुन्हा बंद, पुन्हा चालू. चार-पाच वेळा केल्यावर तिला तो बंद-चालू न करताही ऐकू यायला लागला. आणि त्या दिवशी मलाही आला, आयुष्यात पहिल्यांदा. मग आम्ही मोबाईल ॲपमधला तंबोरा लावला. त्यातही गंधार होता, पहिल्यापासून होता! कान तयार व्हायचे राहिले होते. सॅम्पल आपल्याला आवाज ऐकवतं. बेरीज करताना आपण कुठं ऐकायचं ते शिकतो. मला या उद्योगातून मिळालेली मोठी गोष्ट हीच.

पुढच्या शनिवारी मुलगी भूप गायला बसली. गंधारावर थांबली. आई पलीकडं काही बोलली नाही, फक्त डोळे मिटले. मग म्हणाली, "आता पुढं चल."

गंमत म्हणजे हा हिशोब सांगली परिसराला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी स्वरांची कंपनं मोजून बावीस श्रुतींवर १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 'शारदा' नाटकाच्या गोविंद बल्लाळ देवलांचे हे भाऊ. त्यांच्या कामाला पुढं मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ होती, आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी त्यावरून खास श्रुतींची पेटी करवून घेतली. एकीकडं गळा, एकीकडं मोजपट्टी. शंभर वर्षांपूर्वी कृष्णाकाठी दोन्ही एका बैठकीत बसत होती. आज तेच काम एका लॅपटॉपवर होतं एवढाच फरक.

आणि आम्ही राहतो त्या भागातही या विषयाची एक परंपरा आहे. फ्रेझर नदीपलीकडं बर्नबीच्या डोंगरावर सायमन फ्रेझर विद्यापीठ आहे. त्याचा एक कॅम्पस आमच्या सरेतही आहे. तिथं १९७० च्या सुमारास संगीतकार मरे शेफर यांनी सहकाऱ्यांना घेऊन एक प्रकल्प सुरू केला. गावागावांतले आवाज टिपून ठेवायचे: भोंगे, घंटा, बंदरं, बाजार. १९७३ मध्ये त्यांनी व्हँकुव्हरच्या आवाजांचं संकलनही काढलं. इमारत पाडली तर लोक बघतात, पण आवाज नाहीसा झाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. गावभागातल्या त्या खोलीला आता रंग दिलाय, पाण्याची खूणही दिसत नाही. तंबोऱ्याचा आवाज तेव्हा फोनमध्ये नसता तर आज तोही नसता.

म्हणून वाचकांना, विशेषतः सुट्टीत घरी जाणाऱ्यांना, चार गोष्टी सांगते. घरात जुना तंबोरा, सतार, दिलरुबा, आजोबांची पेटी, देवघरातली घंटा, काहीही असेल तर ते टिपून ठेवा. गाण्याच्या साथीत वाजतानाचं रेकॉर्डिंग ठेवाच, पण त्याशिवाय प्रत्येक तार, प्रत्येक पट्टी एकटी वाजवून घ्या. छेडल्यावर आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबा; तोवर कुणी बोलायचं नाही. हळू छेडून एकदा, जोरात छेडून एकदा. फोनच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या फुकट ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही प्रकारची फाइल निवडा; एमपी३ किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये वरचे बारीक स्वर कापले जातात. सुरुवातीला तारीख, गाव, पट्टी आणि वाजवणाऱ्याचं नाव त्यांच्याच आवाजात बोलून घ्या. फाइलच्या दोन प्रती ठेवा, एक तिथं, एक इथं. पुढं त्याचं काय करायचं ते तुमची मुलं बघतील, त्यांची साधनं आपल्यापेक्षा चांगली असणार.

एवढं करायला अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ पंखा बंद ठेवायला सांगा. उकडतंय म्हणून घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या. आणि कुकर नंतर लावा.